गव्हर्नर असताना ज्या नकाशाची पाठराखण केली, न्यायाधीश झाल्यावर तसेच नकाशे मोडीत काढले : अर्ल वॉरन यांची गोष्ट

साल १९६०. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या ६० लाखांच्या वर गेली होती. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, या ६० लाख लोकांचे आमदार किती? फक्त एक.

आता त्याच राज्यातला दुसरा मतदारसंघ बघा. डोंगराळ भागातल्या तीन छोट्या काउंट्या मिळून तो बनला होता. लोकसंख्या जेमतेम १४ हजार. त्यांचे आमदार किती? तेही एकच.

म्हणजे डोंगरातल्या एका माणसाचं मत शहरातल्या चारशेहून जास्त माणसांच्या मतांइतकं जड. अशा ठिकाणी एकही बोगस मत पडलं नाही, मोजणी अगदी काटेकोर झाली, तरी काय उपयोग? सत्ता कुणाकडे राहणार हे मतदानाच्या आधीच नकाशावर ठरलेलं असतं.

या नकाशाची जाहीरपणे पाठराखण करणारा एक गव्हर्नर होता. आणि पुढे संपूर्ण अमेरिकेतले असे नकाशे मोडीत काढणारा एक सरन्यायाधीश होता. गंमत म्हणजे हे दोघं एकच. त्यांचं नाव अर्ल वॉरन.

आधी समजून घेऊ, नकाशातला हा खेळ चालतो कसा?

आपल्याकडे महापालिका निवडणूक जवळ आली की प्रभाग रचनेवरून आरडाओरड सुरू होते. अमुक गल्ली इकडे का टाकली, तमुक वस्ती मधोमध का तोडली, यावर हरकती घेतल्या जातात. अमेरिकेत या प्रकाराला दोनशे वर्षांपूर्वीच नाव मिळालं. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातल्या एका मतदारसंघाचा आकार इतका वेडावाकडा होता की लोकांना तो सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा वाटला. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून शब्द झाला जेरीमँडर.

हा खेळ एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा एका गावात ५० मतदार आहेत. ३० जण अ पक्षाचे, २० जण ब पक्षाचे. १०-१० मतदारांचे पाच प्रभाग करायचेत. नकाशा काढणारा ब पक्षाचा असेल तर तो काय करेल? अ पक्षाचे १८ मतदार दोन प्रभागांत कोंबेल, प्रत्येकी ९. उरलेले १२ तीन प्रभागांत चार-चार असे विखरून टाकेल. आता त्या तीन प्रभागांत ब पक्षाचे सहा-सहा मतदार झाले. निकाल काय? ४० टक्के मतं असलेला ब पक्ष पाचपैकी तीन जागा जिंकून सत्तेत येतो.

दुसरा प्रकार याहून सोपा आहे. काहीच करायचं नाही. लोक गावातून शहरात येत राहतात, शहरं फुगतात, गावं ओस पडतात. पण नकाशा मात्र ५०-६० वर्षं तसाच ठेवायचा. रेषा हलवून अन्याय करता येतो, तसाच रेषा न हलवताही करता येतो.

वॉरन यांची खरी लढाई या दुसऱ्या प्रकाराशी झाली.

रेल्वे कामगाराचा मुलगा

अर्ल वॉरन यांचा जन्म १९ मार्च १८९१ चा, लॉस एंजेलिसचा. वडील नॉर्वेहून आलेले, आई स्वीडनहून. वडील सदर्न पॅसिफिक रेल्वेत कामाला होते. १८९४ च्या मोठ्या रेल्वे संपात ते सामील झाले आणि नोकरी गेली. कंपनीने काळ्या यादीत टाकल्यावर कुटुंबाला बेकर्सफील्डला जावं लागलं.

पुढे अर्लनेही शाळेत असताना रेल्वेत कामं केली. गाडीवर जाणाऱ्या कामगारांना वेळेवर शोधून कामावर बोलावून आणायचं, हे त्यातलंच एक. कामगारांना अचानक कमी केलं जाणं, अपघातात हात-पाय गमावणं हे त्याने लहान वयातच जवळून पाहिलं. त्या काळात कॅलिफोर्नियाचं राजकारण ही रेल्वे कंपनीच चालवते असं उघड बोललं जायचं. मूठभर लोकांच्या हातात राज्य गेलं की काय होतं, याचा पहिला धडा त्याला घराजवळच मिळाला.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९१४ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यात होते, पण परदेशी लढायला जायची वेळ आली नाही. १९२५ मध्ये ते अलामेडा काउंटीचे मुख्य सरकारी वकील झाले आणि १३-१४ वर्षं त्या पदावर राहिले. लाचखोर अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठवणारा वकील म्हणून त्यांचं नाव झालं. १९३८ मध्ये त्यांच्या वडिलांचा राहत्या घरात खून झाला. राज्यातल्या नावाजलेल्या सरकारी वकिलाच्या वडिलांचा खुनी शेवटपर्यंत सापडला नाही.

१९३९ मध्ये ते राज्याचे ॲटर्नी जनरल झाले. दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना हटवावं, अशी मागणी जोरात सुरू झाली. वॉरन त्या मागणीत आघाडीवर होते. सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत राहावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. हा डाग त्यांच्या आयुष्यावर कायम राहिला.

आणि मग १९४८ चं सार्वमत

१९४२ मध्ये वॉरन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. ते रिपब्लिकन पक्षाचे, पण लोकप्रियता इतकी की १९४६ मध्ये त्यांनी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांची उमेदवारी जिंकली. तेव्हाच्या नियमात असं करता येत होतं. १९५० मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले.

कॅलिफोर्नियाच्या सिनेटचा नकाशा १९२६ च्या एका सार्वमताने ठरला होता. जागा ४०. कोणत्याही काउंटीला एकापेक्षा जास्त आमदार नाही, आणि एका मतदारसंघात तीनपेक्षा जास्त काउंट्या नाहीत. त्यामुळे लॉस एंजेलिस कितीही वाढलं तरी आमदार एकच राहणार होता.

१९४८ मध्ये हा नियम बदलून लोकसंख्येला जास्त वजन देण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला. गव्हर्नर वॉरन यांनी त्याला विरोध केला. छोट्या आणि शेतीप्रधान काउंट्यांचं राज्यातलं महत्त्व त्यांच्या लोकसंख्येपेक्षा मोठं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. जुना नकाशा कायम राहिला.

वॉरन यांचं काही बिघडलं नाही. त्या नकाशावर निवडून आलेल्या सिनेटबरोबर त्यांना कारभार करायचा होता. ज्याला नकाशाचा फायदा आहे तो नकाशा बदलायला जात नाही. वॉरनही गेले नाहीत.

कोर्ट म्हणायचं, आम्ही यात पडणार नाही

मग अमेरिकेतले शहरी मतदार कोर्टात का गेले नाहीत? गेले होते. इलिनॉय राज्यात संसदेच्या मतदारसंघांचे नकाशे १९०१ पासून बदललेच नव्हते. एका मतदारसंघात १ लाख १२ हजार लोक, तर दुसऱ्यात ९ लाख १४ हजार. १९४६ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भूमिका अशी होती की हा राजकारणाचा आखाडा आहे, न्यायालयाने त्यात उतरू नये. लोकांना अन्याय वाटत असेल तर त्यांनी विधिमंडळाकडून तो दूर करून घ्यावा.

ऐकायला बरोबर वाटतं. पण अडचण इथेच होती. विधिमंडळात बसलेले आमदार त्याच वाकड्या नकाशावर निवडून आलेले. ते स्वतःची खुर्ची स्वतः कशाला काढून घेतील? म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली चोराकडेच ठेवायची, असा प्रकार.

सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचं निधन झालं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या जागी वॉरन यांना नेमलं. त्याआधी ते कधीही न्यायाधीश नव्हते. राजकारणी माणूस, सांभाळून चालेल, असा अनेकांचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी, १७ मे १९५४ रोजी, त्यांच्या न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल एकमताने होता. तो अंदाज चुकल्याचं देशाला कळलं.

२८ बाजूंचं शहर

अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं शहर आहे. तिथे कृष्णवर्णीयांची नामांकित शिक्षणसंस्था होती आणि मतदार म्हणून नोंदणी करणाऱ्या कृष्णवर्णीयांची संख्या वाढत होती. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्द बदलली. चौकोनी शहराचं २८ बाजूंचं विचित्र आकाराचं शहर झालं. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर फेकले गेले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही.

तिथले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले. नोव्हेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लिहिणारे न्यायमूर्ती होते तेच फ्रँकफर्टर. पण त्यांनी हा प्रश्न वंशभेदाचा म्हणून सोडवला, नकाशाचा म्हणून नाही. तरीही आखाड्याचं दार किलकिलं झालं.

ते सताड उघडलं टेनेसीच्या प्रकरणाने. राज्यघटनेने दर दहा वर्षांनी नकाशा बदलायला सांगितलं होतं, तरी टेनेसीने १९०१ नंतर तो बदलला नव्हता. छोट्या मूर काउंटीतलं एक मत मोठ्या हॅमिल्टन काउंटीतल्या १९ मतांच्या तोडीचं झालं होतं. मेम्फिस शहर ज्या काउंटीत येतं, तिथले चार्ल्स बेकर यांनी दावा केला. २६ मार्च १९६२ रोजी सहा विरुद्ध दोन असा निकाल आला. मतदारसंघांच्या अन्यायाबद्दल नागरिक कोर्टात येऊ शकतात आणि कोर्टाने ते ऐकलं पाहिजे. निकाल न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिला. तो त्यांच्याकडे सोपवला होता वॉरन यांनी. फ्रँकफर्टर यांनी कडक विरोधी मत नोंदवलं.

पण कोर्टाने ऐकून करायचं काय? मोजपट्टी कोणती लावायची? ते अजून ठरायचं होतं.

१५ जून १९६४

ती मोजपट्टी वॉरन यांनी स्वतः लिहिली. प्रकरण अलाबामाचं होतं. तिथला नकाशा १९०० च्या जनगणनेवर आधारलेला. सिनेटमध्ये १५ हजारांच्या लाउन्स काउंटीला एक आमदार आणि ६ लाखांहून मोठ्या जेफरसन काउंटीलाही एकच. खालच्या सभागृहात साडेतेरा हजार लोकसंख्येच्या बुलक काउंटीला दोन आमदार, तर ३ लाख १४ हजारांच्या मोबील काउंटीला तीन. राज्यातले साधारण २५ टक्के लोक सिनेटमध्ये बहुमत निवडून आणू शकत होते.

वॉरन यांच्या निकालाचा गाभा साधा होता. आमदार माणसांचा असतो, जमिनीचा नसतो. म्हणून राज्याच्या दोन्ही सभागृहांतले मतदारसंघ लोकसंख्येने जवळजवळ समान हवेत. माणूस कुठे राहतो यावरून त्याच्या मताची किंमत कमी-जास्त करता येणार नाही. आठ विरुद्ध एक असा हा निकाल होता.

यावर एक मोठा आक्षेप होता. अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा आहेत, मग राज्यांनी काउंट्यांबाबत तसंच केलं तर काय चुकलं? वॉरन यांचं उत्तर असं की राज्यं आपली सत्ता घेऊन संघात आली होती, त्या तडजोडीतून केंद्रीय सिनेट बनली. काउंट्या कधीच सार्वभौम नव्हत्या. त्या राज्यानेच कारभाराच्या सोयीसाठी केल्या.

त्याच दिवशी आणखी पाच राज्यांचे नकाशे रद्द झाले. त्यातलं कोलोरॅडोचं प्रकरण वॉरन यांना स्वतःच्या भूतकाळासमोर उभं करणारं होतं. कोलोरॅडोच्या जनतेने १९६२ मध्ये सार्वमत घेऊन असमान नकाशा मंजूर केला होता, अगदी प्रत्येक काउंटीत. म्हणजे कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये झालं होतं, जवळपास तसंच. हा निकालही वॉरन यांनीच लिहिला. समान मताचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, बहुमताला तो कुणाकडून काढून घेता येत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १६ वर्षांपूर्वी गव्हर्नर वॉरन ज्या बाजूला उभे होते, ती बाजू सरन्यायाधीश वॉरन यांनी फेटाळली.

पुढे काय झालं?

राजकारणी खवळले. शाळांच्या निकालानंतर वॉरन यांच्यावर महाभियोग चालवा अशा मागणीचे फलक देशभर रस्त्यांच्या कडेला लागले होते. आता सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी निकाल फिरवण्यासाठी थेट घटनादुरुस्ती आणली. १९६५ मध्ये केंद्रीय सिनेटमध्ये तिला ५७ विरुद्ध ३९ मतं मिळाली. बहुमत होतं, पण दोन तृतीयांश नव्हतं. दुसऱ्या वर्षीही ती पडली.

दरम्यान, राज्याराज्यांत नवे नकाशे तयार झाले. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस काउंटीच्या सिनेटमधल्या जागा एकावरून चौदाच्या आसपास गेल्या. ६० लाख माणसं एका फटक्यात नकाशावर दिसू लागली.

वॉरन १९६९ मध्ये निवृत्त झाले. ९ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक मृत्यूनंतर १९७७ मध्ये आलं. जपानी वंशाच्या लोकांबद्दलच्या आपल्या भूमिकेचा पश्चात्ताप त्यांनी त्यात नोंदवला. नकाशाच्या बाबतीतही गव्हर्नर म्हणून आपण चुकलो, तेव्हा राजकीय सोय बघितली, हे त्यांनी मान्य केलं होतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. त्यांच्या काळातला सर्वात महत्त्वाचा निकाल कोणता? जग शाळांचा निकाल सांगतं. वॉरन मात्र टेनेसीचा निकाल पहिला धरायचे. लोकांना खरंच समान मत मिळालं असतं, तर कितीतरी अन्याय कोर्टापर्यंत यायच्या आधीच मतपेटीतून सुटले असते, असा त्यांचा हिशोब होता.

मग प्रश्न मिटला का?

अर्धाच. लोकसंख्या समान झाली, पण ५० मतदारांचं आपलं उदाहरण आठवा. तिथेही प्रत्येक प्रभागात बरोबर १० मतदार होते. समान आकाराचे मतदारसंघही लबाडीने आखता येतात. उलट दर दहा वर्षांनी नकाशा नव्याने काढायचा झाल्यामुळे सत्ताधाऱ्यांच्या हातात पेन्सिल नियमित येऊ लागली. पुढे संगणक आला आणि घराघराचा अंदाज घेऊन रेषा ओढता येऊ लागल्या.

२०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि मेरीलँडची अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आली. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशांवर केंद्रीय न्यायालयं निर्णय देऊ शकत नाहीत. फ्रँकफर्टर यांची जुनी भूमिका एका अर्थाने परत आली.

दुसरा रस्ता कॅलिफोर्नियानेच काढला. २००८ च्या सार्वमताने राज्याच्या मतदारसंघांचे नकाशे आमदारांकडून काढून १४ नागरिकांच्या आयोगाकडे दिले गेले. पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाचे नसलेले. २०१० मध्ये संसदेचे मतदारसंघही याच आयोगाकडे आले.

पण २०२५ मध्ये टेक्ससच्या रिपब्लिकन आमदारांनी दशकाच्या मध्येच संसदेचा नकाशा आपल्या फायद्यासाठी बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेऊन आयोगाचा संसदेचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅट आमदारांनी आखलेला नकाशा स्वीकारला. समोरचा करतोय म्हणून आम्हीही, हा युक्तिवाद. वॉरन यांच्याच राज्यात राजकीय सोय पुन्हा एकदा जिंकली.

भारतात लोकसभा आणि विधानसभेच्या सीमा आमदार-खासदार स्वतः आखत नाहीत, त्यासाठी परिसीमन आयोग असतो. २००८ मध्ये लागू झालेल्या सीमा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ठरवल्या होत्या. मात्र कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं आणि २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत आणखी वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना फटका बसू नये, हे त्यामागचं कारण. तरी मतांची किंमत समान ठेवायची की राज्यांचं वजन, हा पेच आपल्यासमोरही आहेच.

तोवर आपल्या हातात काय? पुढच्या वेळी तुमच्या शहराच्या प्रभाग रचनेचा आराखडा जाहीर झाला, की तो उघडून बघा. प्रभागांची लोकसंख्या साधारण सारखी आहे का, वस्ती विनाकारण तोडली आहे का आणि रेषा कुणी ओढली, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर पटलं नाही तर हरकत नोंदवायची मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या. टस्कीगीच्या प्राध्यापकांनी आणि टेनेसीच्या बेकर यांनी सुरुवात तशीच केली होती, नकाशा नीट बघून.